बावीस दातांचं फ्रीव्हील

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून महाबळेश्वरला सायकलनं जायचं ठरलं. आमचे खेळाचे सर नेणार होते. कोण कोण येणार असं त्यांनी वर्गात विचारलं, तेव्हा मी हात अर्धा वर केला, खाली घेतला आणि नंतर मैदानावर त्यांना एकट्याला गाठून सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. गाव मंद्रूपजवळचं, घर शेतकऱ्याचं. सहलीला जाणं आपल्यासारख्याचं काम आहे का, हे मला नक्की कळत नव्हतं.

"वाईच्या पुढे घाट आहे," सर म्हणाले. "सायकलला काय बदलायचं ते आताच बदलून घ्या."

बदलण्यासारखं एकच होतं. गियरच्या सायकली आम्ही फक्त चित्रात पाहिलेल्या. आमच्या काळ्या सायकलींना पुढे चव्वेचाळीस दातांचं चाक आणि मागे अठरा दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ती दातेरी चकती, असायची. पुढचं कुणी बदलत नसे. मागचं मात्र दुकानात सोळाचं, विसाचं, बावीसचं मिळायचं. दात कमी तितकी सायकल पळते, पण पायाला जड जाते. दात जास्त तितकी हलकी, पण पाय भराभर मारावे लागतात आणि सायकल रांगते.

सोलापूर सपाट. तिथं चांगली सायकल म्हणजे पळणारी सायकल. त्यामुळे बहुतेकांनी सोळाचं बसवलं आणि ते चढाला चालतं का हे बघायला सगळे रेल्वेच्या पुलावर गेले. आमच्या माहितीतला चढ तेवढाच. लांबून जोरात यायचं आणि त्याच वेगात पूल पार करायचा. सगळे पार झाले. माझ्या बाकावर बसणारा मित्र सगळ्यांच्या आधी.

"झालं की," तो म्हणाला. "घाट म्हणजे असले धा-वीस पूल. एकापुढं एक."

मला ते पटेना, पण तसं बोलायचं धाडसही होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पुलावर गेलो. घाट पुलापेक्षा खडा असणार, म्हणून कॅरिअरवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधलं होतं. लांबून वेग घेतला नाही. चढाच्या मधोमध उभा राहिलो आणि तिथूनच निघालो. घाटात वेग पहिल्या वळणालाच संपणार आणि पुढे असंच चढायचं, एवढाच माझा विचार होता. अठरावर सायकल डुगडुगली, पाय टेकावा लागला. विसाचं लावून पाहिलं, मग बावीसचं. चव्वेचाळीसला बावीस म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला मागच्या चाकाचे बरोबर दोन फेरे. बावीसवर मी सीटवरून न उठता वर गेलो. चेन आखूड पडत होती, तिला कड्या वाढवून घेतल्या. हे सगळं मी कुणालाही न विचारता केलं. असं आधी कधी केलं नव्हतं.

मग मोहोळच्या रस्त्यावर सगळ्यांचा सराव झाला आणि मी पार मागे राहिलो. पाय तर सारखे फिरत होते.

"पाव्हणं," मित्र मागे वळून ओरडला, "सायकल चालवायलास का शिलाई मशीन?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अठराचं परत लाव."

"सर, घाटात ते..."

"घाट नंतर. आधी पंढरपूर. पहिल्या मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोचला नाहीस, तर सायकलसकट कुर्डुवाडीच्या रेल्वेगाडीत बसवून परत पाठवीन. एकासाठी सगळ्यांना रस्त्यात थांबवता येत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. अठराचं लावलं असतं तर पंढरपूरला वेळेवर पोचलो असतो आणि घाटात सायकल ढकलत चाललो असतो. बावीसचं ठेवलं तर घाट दिसायच्या आधीच परत यायची पाळी. घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "डोंगरात काय हाय रं एवढं?"

"बघायचं हाय, आबा."

"मग बघूनच ये. अर्ध्यातनं माघारी फिरू नको. लोक इचारत्यात."

फ्रीव्हीलचं मी त्यांच्याजवळ बोललो नाही. पण तिथंच अंगणात आमची बैलगाडी उभी होती, आणि मंद्रूपच्या बाजाराला आम्ही कसे जातो ते आठवलं. ज्याची गाडी जास्त भरलेली, तो झुंजुमुंजू होताच निघतो. हलक्या गाड्या मागून येतात, वाटेत त्याला मागे टाकतात, आणि बाजारात सगळे बरोबरच पोचतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मी सोलापूरला परतलो आणि सरांना विचारलं, "मी सगळ्यांच्या आधी निघालो तर चालंल का?" त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "रस्ता सोडायचा नाही," एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी बाकीचे चहा पीत होते, तेव्हा मी सायकलवर बसलो. मोहोळच्या पुढे एकेक जण मला मागे टाकत गेला. मित्रानं मुद्दाम घंटी वाजवली. दुपारी ते चिंचेखाली आडवे झालेले दिसले. मी थांबलो नाही. पाणीसुद्धा चालत्या सायकलवरच प्यालो. पंढरपुरात शिरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं, पण होतं. धर्मशाळेच्या दारात सर उभे होते.

"हं," ते म्हणाले. "पाय धू. जेवून घे."

गाडीत बसवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. माळशिरस, फलटण, रोज तसंच. मी आधी निघायचो आणि शेवटी पोचायचो.

मग वाई आली आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट. त्या दिवशीही मी आधी निघणार होतो, पण सर म्हणाले, "आज सगळे बरोबर." सोळावाले जोरात सुटले. त्यांचा वेग पहिल्या वळणापर्यंतही पुरला नाही. एकेक जण उतरला आणि रस्त्यावर नुसत्या चपलांचा आवाज येऊ लागला. मी माझ्या चालीनं त्यांच्या बाजूनं जात होतो. पाय भरून आले होते, छाती धपापत होती, पण चाक फिरत होतं.

"पाव्हणं," मित्र सायकल ढकलत म्हणाला, "थांब की जरा. मशीन बघू तरी तुझं."

मी ब्रेकला हात घातला. मला कुणाला नाही म्हणता येत नसे. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. तेही चालतच होते.

"थांबू नकोस. जा तू."

दोनदा पाण्यासाठी थांबलो, तेवढंच. दोन्ही वेळा चढावरूनच परत निघालो. ढकलली मात्र कुठंच नाही. वर पाचगणीला पोचलो, तेव्हा हँडल धरून धरून बोटं सरळ होत नव्हती. रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं माझ्या धुळीनं भरलेल्या सायकलकडे बघून विचारलं, "कुठून आलात?"

असं कुणी विचारलं की उत्तर नेहमी दुसरंच कुणीतरी द्यायचं. मी सवयीनं बाजूला बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"सोलापूरहून," मी म्हणालो. "बाकीचे येतायत मागून. सगळ्यांचा चहा ठेवा."