काचीगुड्याची तिसरी मुलाखत

“त्या घरात दोन बायका वारल्या का?” राव सरांनी विचारलं.

“नाही सर. एकच.”

“मग एका मुलाखतीत हार्ट फेल्युअर आणि दुसरीत टीबी? बाई एक, नवरा एक, सांगणाराही तोच.”

सरांनी दोन्ही मुलाखतींचे प्रिंट माझ्यासमोर ठेवले. सर तेलुगूमिश्रित इंग्रजीत बोलतात, मी ते मराठीत सांगते आहे. आमच्या स्टडीचे ते प्रमुख. मी डॉक्टर आहे, पण बरीच वर्षं पेशंट तपासलेला नाही. मी वारलेल्या माणसांबद्दल वाचते.

हे जरा सांगायला हवं. आपल्याकडे पुष्कळ माणसं घरीच जातात. डॉक्टर शेवटचा कधी येऊन गेला ते कोणाला आठवत नाही, दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. पण कोणत्या वस्तीत लोक कशाने जातात हे कळलं नाही, तर दवाखाना कुठे काढायचा, औषधं कोणती ठेवायची हेही कळत नाही. म्हणून आमची माणसं घरी जातात आणि नातेवाइकांना विचारतात. ताप होता का? किती दिवस? सूज कुठे? धाप कधी लागायची? मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती उत्तरं वाचतात आणि मृत्यूचं कारण ठरवतात. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. नाव भीतिदायक आहे. काम नुसतं बोलण्याचं.

शिवाय काही घरांत थोड्या दिवसांनी दुसरा माणूस जातो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतो. पहिली मुलाखत नीट झाली होती की नाही, याची ती तपासणी. उत्तरं थोडीफार वेगळी येतातच. माणूस विसरतो. पण अख्खा आजार बदललेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

घर हैदराबादच्या काचीगुड्यातलं, स्टेशनच्या मागच्या बाजूला. सांगणारे वसंतराव, सरकारी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. वारल्या त्या त्यांच्या पत्नी कुमुदताई. (नावं अर्थातच बदललेली आहेत.) पहिल्या मुलाखतीत पायांना सूज, चालताना धाप, आडवं झालं की जीव घाबरा होणं. कोणताही डॉक्टर सांगेल, हृदय थकलं होतं. दुसऱ्या मुलाखतीत संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं, जुना खोकला आणि थुंकीतून रक्त.

“मराठी कुटुंब आहे ना?” सर म्हणाले. “आपल्याकडे फॉर्म तेलुगू आणि हिंदी. लँग्वेज प्रॉब्लेम असणार. तू मराठी आहेस, तू जा.”

मलाही तसंच वाटलं. तसंच असावं, अशी इच्छाही होती. कारण दुसऱ्या मुलाखतीनंतर एक गोष्ट घडून गेली होती. टीबीची शंका आली की घरातल्या बाकीच्यांना तपासणी करून घ्या, असं आम्हाला सांगावंच लागतं. तशी संमती आम्ही सुरुवातीलाच घेतलेली असते. त्याप्रमाणे मुलाला, प्रसादला, फोन गेला. त्याची बायको लावण्या वरंगळची, आणि त्यांची मुलगी अजून अंगावर पिणारी. लावण्या घाबरली. सासू वारल्यापासून आपण बाळाला त्याच खोलीत झोपवतो आहोत, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. ती बाळाला घेऊन माहेरी गेली. प्रसाद एका सॉफ्टवेअर कंपनीत, दिवसभर बाहेर. घरात वसंतराव एकटे.

निघण्यापूर्वी मी पहिली मुलाखत घेणाऱ्या स्वप्नाला विचारलं, अंकल कसे वाटले?

“अच्छेच हैं मॅडम. लेकिन आंटी का नाम लिये तो रुकतेच नईं. मैं पैर की सूजन पूछी, उनो मेरे कू नुमाइश के बातां सुनाए.”

नुमाइश म्हणजे नामपल्लीचं दरवर्षीचं प्रदर्शन. त्याचा सुजेशी काय संबंध, ते मला काही कळलं नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला गेले. दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. मी म्हटलं, “नमस्कार. मी त्या स्टडीतर्फे आले आहे. मी पुण्याची.”

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, “मराठी? या की! या न, बसा. पंखा लावू?”

“असू द्या, ठीक आहे.”

“नक्को कसं, धूप बघा किती पडलीय बाहेर.” त्यांनी पंखा लावला, खुर्ची पुढे ओढली, पाणी आणलं. हे सगळं करताना ते बोलतच होते. त्यांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादचं. पुण्याला दोनदाच गेलेले. तिथल्या लोकांना यांचं मराठी ऐकून हसू आलं होतं म्हणे. “आमची ही लै चिडली होती. म्हणाली, यांच्यासारखं नाकात बोलायला आपल्याला सर्दी झालीय काय.”

मी हसले. खरं तर मीही किती दिवसांनी समोर बसून मराठी बोलत होते. माझा नवरा कंपनीच्या कामासाठी वर्षातले बरेच महिने बाहेर असतो. मुलीशी मी फोनवर मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. ऑफिसात तर प्रश्नच नाही. ‘लै चिडली होती’ हे शब्द कानावर पडले आणि आपण कशासाठी आलो आहोत ते मला क्षणभर आठवेना.

मग मी प्रश्न सुरू केले. फॉर्म हिंदीत होता, मी तोंडाने मराठीत विचारत गेले.

“पायांना सूज होती का?”

“होती. चपला बसत नव्हत्या. माझ्या घालून फिरायची.”

“चालताना धाप लागायची?”

“जिन्यावर. मधल्या पायरीवर थांबून खालच्या शेजारणीशी बोलत बसायची. मला वाटायचं गप्पा मारतीय. नंतर समजलं, दम घेत होती.”

“झोपताना त्रास व्हायचा? उशा जास्त लागायच्या?”

“उशीनं भागत नव्हतं. शेवटी शेवटी ती बसूनच झोपायची. पाठ टेकायला मीच असायचो. हललो की म्हणायची, हल्लू, हल्लू.”

मी ‘होय’वर खूण केली. आडवं झाल्यावर वाढणारी धाप. हार्ट फेल्युअरचं याहून स्पष्ट लक्षण नाही. माझ्या पेनाला फार काही लिहायचं नव्हतं, पण मान वर करायला मला वेळ लागला.

पुढे ते आपण होऊन सांगत गेले. नुमाइशला कुमुदताई दरवर्षी काश्मिरी शालवाल्याशी तासभर घासाघीस करायच्या आणि शाल न घेता यायच्या. वीस-बावीस वर्षं तोच दुकानदार. शेवटच्या वर्षी त्या गेल्या नाहीत, तर त्याने वसंतरावांना विचारलं, झगडनेवाली आपा किधर हैं? दोघं घरात मराठीत भांडायचे. लावण्याला कळायचं नाही. तिला वाटायचं, सासूसासरे किती गोड बोलतात.

“आता घरात सगळं तेलुगू,” ते म्हणाले. “पोरगा मराठीत सुरू करतो, अर्ध्यातून तेलुगूत जातो. त्याची चूक नाही. सून चांगली आहे, खूप करते माझं. पण मला तिच्याशी भाजी, दूध, औषध एवढंच बोलता येतं. तेवढंच तेलुगू येतं मला.”

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पण प्रश्न शिल्लक होता.

“खोकला होता का?”

“नाही.”

“ताप?”

“नाही.”

“थुंकीतून रक्त?”

ते पंख्याकडे बघत राहिले.

“मागच्या वेळी तुम्ही ‘हो’ म्हणाला होता,” मी म्हटलं. “हिंदीत विचारलं म्हणून गडबड झाली का? तसं होतं कधी कधी.” मी त्यांना वाट करून दिली होती. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं, तर मी तसंच लिहून मोकळी झाले असते.

“भाषेचं काही नव्हतं, बाई. माझी आई टीबीनं गेली. मी शाळेत होतो तेव्हा. तिचं होतं ते सगळं मी सांगितलं.”

“का पण?”

“दुसऱ्या वेळी तुमचा तो मुलगा आला होता, इम्रान. फार सज्जन. बसता बसता म्हणाला, अंकल, जवाब पहले जैसेच मिल गए तो काम खतम, फिर आपको तकलीफ नहीं देंगे.” ते माझ्याकडे बघून बोलले. “मला तकलीफ पाहिजे होती.”

बाहेर स्टेशनची अनाउन्समेंट चालली होती.

“ती गेल्यावर तेरा दिवस माणसं आली. नंतर सगळे म्हणतात, त्या विषयावर बोलू नका, तुम्हाला त्रास होईल. तुमच्या पोरीनं विचारलं, कशी होती तब्येत, काय खात होत्या, शेवटचं काय बोलल्या. इतकं बारीक कोणी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, अजून एकदा विचारावं कोणीतरी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाळ जाईल असं डोक्यात नव्हतं आलं. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हीच सांगा लावण्याला.”

इथे माझी अडचण होती. आमच्या कामात सांगणारा जे सांगतो ते आमच्यापाशी राहतं. मुलाला नाही, सुनेलाही नाही. तसं आम्ही सहीनिशी कबूल केलेलं असतं. सासरे खोटं बोलले, हे लावण्याला मी सांगणं म्हणजे तो शब्द मोडणं. आणि न सांगावं तर ती बाई तान्ह्या मुलीला घेऊन विनाकारण धास्तीत बसलेली.

“मला सांगता येत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही सांगू शकता.”

“मला तेवढं तेलुगू नाही येत.”

“येईल तेवढं बोला.”

बराच वेळ ते फोन हातात धरून बसले. मग लावला. पलीकडून लावण्याचा आवाज ऐकू येत होता, बाळाचा रडण्याचाही. ते शब्द शोधत, थांबत बोलले. तेलुगू, मध्येच हिंदी. खोकला नव्हता. रक्त नव्हतं. मी खोटं सांगितलं. तिने ‘का’ म्हणून विचारलं असावं. त्यांना ते सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले, “तप्पु नादे, अम्मा.” चूक माझीच, बाळ. हेच दोन-तीनदा. मग फोन बंद झाला.

“चिडली,” ते म्हणाले.

“चिडणारच.”

“हौ. चिडायलाच पाहिजे.”

मी उठले. ते दारापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, “मग आता उत्तरं जुळली?”

“जुळली.”

“म्हणजे काम झालं तुमचं.”

“झालं.”

मला म्हणायचं होतं, मी येईन अधूनमधून. पण स्टडी चालू असताना सांगणाऱ्यांकडे आम्ही खाजगीत जाऊ नये असा नियम आहे. नियम बरोबर आहे, मीच तो नव्या मुलांना शिकवते. त्या दिवशी जिना उतरताना मधल्या पायरीवर मी थांबले. खाली कोणी शेजारीण नव्हती.

ऑफिसात राव सरांनी सगळं ऐकून घेतलं. “दुसरी मुलाखत रद्द कर. कारण काय लिहिणार? लँग्वेज लिहून टाक, सोपं पडेल.”

“लँग्वेज नव्हती, सर.”

“मग?”

“त्यांना पुन्हा भेट हवी होती.”

सरांनी चष्मा काढला. “त्याला आपल्याकडे कोड नाही.”

“माहीत आहे.”

“मग ‘इतर’मध्ये टाक.” थोड्या वेळाने म्हणाले, “खाली एक ओळ लिहून ठेव पण. खरी.”

मी लिहिली. इम्रानला बोलावलं. तो बिचारा कासावीस झाला. “मैं तो वहीच बोला मॅडम, ट्रेनिंग में जो बोले सो.” ते खरं होतं. उत्तरं जुळली की त्रास देणार नाही, हे वाक्य आमच्याच ट्रेनिंगमधलं. लोकांना बरं वाटावं म्हणून घातलेलं.

काही दिवसांनी प्रसादचा फोन आला. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या होत्या, रिपोर्ट नॉर्मल. लावण्या बाळाला घेऊन परत आली होती. “बाबांशी अजून बोलत नाही मॅडम, पण बाळाला त्यांच्याजवळ ठेवते.” त्याचं मराठी खरंच अर्ध्यातून तेलुगूत जात होतं. मग तो घुटमळला. “एक विचारू? तुमच्या स्टडीत अजून काही... क्वेश्चन्स राहिलेत का? बाबा विचारायला सांगतात.”

मी नाही म्हटलं. खरोखरच काही राहिलं नव्हतं. मृत्यूचं कारण पक्कं झालं होतं, दोन्ही डॉक्टरांचं एकमत होतं, फाइल बंद होती. तरी फोन ठेवल्यावर मी ती प्रश्नावली पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली, न जाणो, एखादा सुटला असेल.

पुढच्या ट्रेनिंगच्या वेळी मी ते वाक्य काढून टाकलं. पुन्हा यायचं की नाही हे उत्तरांवर अवलंबून आहे, असं सांगणाऱ्याला कधी कळू देऊ नये, नाहीतर उत्तरं बदलतात. त्या जागी काय म्हणायचं, असं मुलांनी विचारलं. मला अजून सुचलेलं नाही. तूर्त तिथे नुसता नमस्कार आहे.