वेशीवरची सलामी

मी आज जो काही आहे तो सुमनअक्कामुळे. ती माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का तेरा वर्षांची. सातवीत शाळा सोडून ती शिवणयंत्रावर बसली आणि तिनं मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता सांगलीच्या एका हायस्कुलात शिकवतो. अक्काचे उपकार मी नेहमी बोलून दाखवत आलो, शाळेतल्या भाषणातसुद्धा. पण ती प्रत्यक्ष शेजारी उभी असताना मी कसा वागतो, हे मला गेल्या चैत्रात कळलं. ते लिहिताना आजही मान खाली जाते.

अक्काचा डावा कान पूर्वीच गेला होता. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवाही फार दिवस साथ देणार नाही. ती रडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "मग त्येच्या आधी एकदा आपला ब्यांड ऐकव की रं."

आपला बँड म्हणजे कोरेगावजवळच्या आमच्या गावी यात्रेला येणारा ब्रास बँड. आमच्याकडे पैलवानांचे असतात तसे बँडचेही चाहते असतात. बँडमास्तर क्लॅरोनेटवर एक अभंग वाजवायचे, आणि तो ऐकायला अक्का मला खांद्यावर घेऊन गर्दीत उभी राहायची. पुढे वर्षभर यंत्र चालवताना तोच गुणगुणायची. नंतर गावानं डीजे धरला आणि बँड यायचा बंद झाला. मी अक्काला हो म्हणालो खरा, पण कधी परीक्षा, कधी पेपर तपासणी, असं करत यात्रांचा एक हंगाम हुकवला. देवावरचा माझा विश्वासही उडाला होता. जिनं सगळ्यांचं केलं तिचेच कान न्यावेत, हा कसला न्याय, असं वाटायचं.

अखेर चैत्रात तासगावच्या पलीकडच्या एका गावात त्या बँडची हजेरी, म्हणजे देवापुढचा कार्यक्रम, आहे असं कळलं. सकाळीच मी गावी जाऊन अक्काला गाडीत घेतलं. ठेवणीतली जांभळी साडी, पिशवीत धपाटी आणि देवाला नारळ. ऐकू कमी येत असल्यामुळे ती फार मोठ्यानं बोलते. कराडला चहाला थांबलो तर आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाली, "ल्हानपनी च्यात बोटं बुडवायचास, आठवतंय का?"

मी म्हणालो, "अक्का, हळू बोल."

"काय म्हनलास?"

"हळू बोल!"

सगळे वळून माझ्याकडेच बघायला लागले. अक्का हसली. "आता तूच वरडतुयास की, गुर्जी!"

तिला गंमत वाटली. मला घाम फुटला.

दुपारी देवळापुढच्या मांडवात पोहोचलो, तर पहिल्या रांगेत आमचे मुख्याध्यापक बसलेले. ते गाव त्यांची सासुरवाडी. त्यांनी हाक मारली, "या सर, या! दोन खुर्च्या रिकाम्या आहेत." अक्का माझ्या मागे होती. तिला ते ऐकू आलं नाही. तिनं विचारलं, "फुडं जागा हाय का रं?"

मी म्हणालो, "नाही. बायका मागं बसल्यात, तू तिकडं बस."

मागे कडेला जनरेटर धडधडत होता. तो मला दिसत होता. तरी मी तिला तिथं बसवून पुढं आलो, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिची नारळाची पिशवी ठेवली. "बरोबर कोण आहेत?" साहेबांनी विचारलं. "गावाकडच्या आहेत," मी म्हणालो.

हजेरी सुरू झाली. या बँडची एक रीत आहे. पहिली चीज वाजवताना सगळे वादक लोकांकडे पाठ करून देवाकडे तोंड करतात. ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्या दिवशी ती पाहताना खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. मास्तर थकले होते, पण क्लॅरोनेट तसंच होतं. सगळे डोलत होते. मला एकदाही मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

संपल्यावर मागे गेलो. अक्का म्हणाली, "लय ग्वाड वाजिवलं." ती चपला शोधायला वाकली, तेवढ्यात शेजारची म्हातारी माझ्याजवळ आली. "आवं, तुमच्या भनीला काय बी ऐकू आलं न्हाई. ह्ये इंजान सारखं धडधडतंय. म्या म्हनलं, फुडं जावा. तर म्हनल्या, भाऊ म्हनलाय जागा न्हाई. शाळंत मास्तर हाय त्यो, खोटं न्हाई बोलायचा."

मी अक्काला घेऊन तसाच गाडीत येऊन बसलो. देवाचं दर्शनही घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार? नारळ पिशवीत तसाच राहिला. गावाबाहेर पडतो तर वेशीवर मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. गाडी थांबवावी लागली. शेजारी मारुतीचं लहानसं देऊळ होतं. मागून बँडचा टेंपो आला आणि तोही थांबला. मेंढरांमुळे नव्हे. गाव सोडताना वेशीवरच्या मारुतीला सलामी दिल्याशिवाय ते जात नाहीत, हे मला नंतर कळलं. वादक उतरले. ना माईक, ना जनरेटर. ऊन कलत होतं आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

अक्का गाडीतून उतरून लांबच उभी राहिली, उजवा कान पुढे करून. मोठा ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला पाहिलं. "लांब का, बाई? या हितं." तिनं कानाकडे बोट दाखवलं. त्यानं काही न विचारता तिला आपल्या बाजूला उभं केलं आणि तिचा हात ढोलाच्या कडेवर ठेवला. मास्तर सरकून तिच्या उजव्या कानाशी आले. सगळ्यांनी मारुतीकडे तोंड केलं आणि तोच अभंग सुरू झाला.

अक्कानं डोळे मिटले आणि मोठ्यानं गायला लागली, अगदी बेसूर. कुणी हसलं नाही. मी धावत जाऊन नारळ आणला आणि मारुतीपुढे फोडला. मेंढरं तिथंच का आडवी आली, हे मी कुणाला विचारलं नाही. मी बंद केलेली वाट कुणीतरी उघडली होती, एवढं मला कळलं.

चार दिवसांनी मी अक्काला हे पत्र पाठवलं.

"ती. अक्कास सा. न.

फोनवर तुला ऐकू जाणार नाही, आणि ओरडून सांगायची मला लाज वाटते. म्हणून लिहितो. मांडवात पुढं जागा होती. दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी बसलो आणि दुसरीवर तुझी पिशवी ठेवली. तू कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा गावाकडच्या आहेत, असं सांगितलं. तुझा भाऊ खोटं बोलला. मी जन्मभर लोकांकडे तोंड करून जगलो आणि तुझ्याकडे पाठ केली.

माफ कर, असं लिहायचा धीर होत नाही. ते तुझ्यावर आणि देवावर सोडतो. काल साहेबांना खरं सांगितलं.

पुढच्या चैत्रात आपण पुन्हा जाऊ. तोवर कान गेला तर ढोलावर हात ठेव. पहिल्या रांगेत बसू. कुणी विचारलं तर ही माझी अक्का, असं मी सांगेन. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन.

तुझा धाकटा"