कुंपणापलीकडची माती

थॉर्नडेल गावातली निम्मी माणसं ऑर्मच्या हातून मातीआड गेली होती. चर्चची घंटा वाजवायची आणि आवारात कबरी खणायच्या, हे त्याचं काम. बायकोलाही त्यानंच पुरलं आणि तिच्या शेजारची जागा स्वतःसाठी मोकळी ठेवली. पण त्या हिवाळ्यात त्याची एकुलती लेक सुनिव्हा खोकल्यानं अंथरुणाला खिळली, आणि ती जागा आधी कुणाला लागणार हे त्याला कळून चुकलं.

"बा, मला आईपाशीच ठेवशील ना?"

"गप. मग मेंढरं कोण राखणार? मी?"

"कुंपणाबाहेर नको, बा. तिथं कोल्हे उकरतात."

पोर तापात होती, पण बरळत नव्हती. दगडी कुंपणाबाहेर, खाजऱ्या झुडपांत, जीव दिलेले आणि बाप्तिस्म्याविना गेलेले पुरले जात. आतली माती बिशपनं मंत्रून पवित्र केलेली. शेवटच्या दिवशी देव हाक मारील तेव्हा आतले उठतील. बाहेरच्यांचं काय, हे कुणी धड सांगत नसे.

आणि नेमकं तेव्हाच दोन धनगर भाऊ एका मेंढ्यावरून आवारात भिडले. एकाचं डोकं कुंपणावर आपटून फुटलं, रक्ताची धार मातीवर लागली.

"ऑर्मकाका, कुठं बोलू नका," म्हणत दोघं पळाले.

रागानं रक्त सांडलं की अख्ख्या आवाराचं पावित्र्य जातं. बिशप येऊन ते पुन्हा पवित्र करीपर्यंत तिथं कुणालाच पुरता येत नाही. बर्फ वितळल्याशिवाय बिशप येणार नव्हता, आणि सुनिव्हा तोवर थांबणार नव्हती. ऑर्मनं रक्ताळलेली माती खरवडली, कुंपणापलीकडे झुडपांत फेकली आणि तोंड शिवून घेतलं. पावित्र्य काय सारवलेल्या अंगणातली घाण आहे, खरवडली की झालं? पण मरू घातलेल्या लेकीच्या बापाला हे कोण सांगणार?

सुनिव्हा गेली. आईशेजारी तिला ठेवताना ऑर्मला रडूसुद्धा हलकं वाटलं.

मग शेजारच्या हॉइसचं तान्हं गेलं. गाठोडं त्याच्या हाती देत ती म्हणाली, "ऑर्मदादा, तुमच्या सुनिव्हापाशीच ठेवा. अंधाराला भितं ते."

त्यानं ठेवलं. घरी आल्यावर मात्र तो परत फाटकाशी येऊन उभा राहिला. कुंपण होतं, क्रूस होता, पण आतली जमीन आता रानासारखीच रान होती. ज्या लेकीला बाहेर ठेवायचं नाही म्हणून गप्प बसला, तिला त्यानं बाहेरच ठेवलं होतं. वर दुसऱ्याचं लेकरूही.

त्यानं फादर सेफ्रिडपाशी पापकबुली दिली. म्हाताऱ्या फादरचा चेहरा उतरला. "कबुलीतलं मला बाहेर काढता येत नाही. बिशपला बोलवायचं तर तुलाच चारचौघांत बोलावं लागेल."

रविवारी चर्चमध्ये तो उभा राहिला आणि सगळं बोलला. कुणी शिवी दिली नाही. हॉइस तेवढी म्हणाली, "बाळ घेताना तुम्ही माझ्याकडं बघत होतात, दादा. बघवलं कसं?"

बर्फ वितळल्यावर बिशप आला. पाण्यात मीठ, राख आणि द्राक्षारस कालवून त्यानं आवाराला फेऱ्या घातल्या, कबरींवर ते पाणी शिंपडलं. ऑर्म फाटकाबाहेर अनवाणी उभा होता. सुनिव्हाच्या मातीवर शिंतोडे पडलेले दिसले तेव्हा तो ढसाढसा रडला. लेक सुटली होती. त्याला शिक्षा झाली ती अशी: जिवंतपणी आवारात पाऊल टाकायचं नाही, आणि मेल्यावर गावानं क्षमा केली तरच आत घ्यायचं.

पुढं आवारात कबरी दुसरेच खणू लागले. ऑर्म रोज फाटकाशी येऊन उभा राही, आणि लोक त्याच्या बाजूनं आत जात.

कापणीच्या दिवसांत तो गेला. "पोरीपाशी ठेवा," एवढंच म्हणाला होता. त्याला क्षमा करायची का, हे फादरनं गावाला विचारलं. त्याच्या कुदळीला कुणी हात लावीना.

शेवटी हॉइसनं ती उचलली आणि कुंपणाला वळसा घालून झुडपांत गेली. रक्ताची माती त्यानं फेकली होती, तिथंच तिनं पहिला घाव घातला.

"आत घे ना त्याला, पोरी," फादर म्हणाले. "तू हो म्हटलंस तर बाकीचेही म्हणतील."

"नाही म्हणवत, फादर."

ती खणत राहिली. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, तरी थांबेना.

"पोरी, पुरे की. इतकं खोल कशाला?"

हॉइसनं मान वर केली नाही. "इथं कोल्हे उकरतात," ती म्हणाली.