पांढरी भिंत, काळी मैना

रंगीत फोटो कुणालाही काढता येतो, हे माझं मत आजही कायम आहे. सख्ख्या बहिणीनं त्यापायी माझ्यावर खराटा उगारला, तरीही!

कर्जतजवळच्या खेड्यात अक्काकडे गेलो होतो. भाचीला, म्हणजे पिंकीला, बघायला सकाळीच पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं घराची कळा बघून दारातूनच फिरली होती, म्हणून दाजींनी पहाटे उठून दर्शनी भिंतीला चुना फासला होता. कोवळ्या उन्हात ती भिंत अशी झळकली, की हिमालयानं लाजून तोंड लपवावं! असली भिंत बघून तिच्यापुढे म्हैस उभी करावीशी ज्याला वाटत नाही, त्यानं कॅमेरा विहिरीत टाकावा. (सुप्याला मी ज्या कंपनीत कामाला आहे, तिथले माझे दोस्त तसलेच. सूर्यास्त काढतात.)

"दाजी, मैनेला इकडं आणा!"

"कशापायी?"

"पांढरी भिंत, काळी म्हैस. कंपोझिशन करायचंय!"

"काय करायचं ते डॉक्टरला इचारून करा. गाभण हाय ती."

अक्का खराटा घेऊन धावली. "बाळ्या, भित वली हाय! पाव्हन्यांना काय म्हैस दावू का?"

"अक्के, दोन मिनिटं!"

मैना उभी राहिली, पण शेपूट चुकीच्या बाजूला. "दाजी, शेपूट डावीकडं घ्या. आता तुम्ही फोटोतून बाहेर व्हा."

"शेपूट घिऊन का ठिवून?"

तेवढ्यात मैनेला शोध लागला, की खरबरीत भिंत ही अंग खाजवण्यासाठीच असते. डोळे मिटून, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, तिनं असं काही घासलं की पाथर्डीपर्यंत भांडी वाजली असतील! क्षणात भिंत शेणानं काळी आणि म्हैस चुन्यानं पांढरी. म्हणजे मला हवं होतं तेच, फक्त उलटं!

"अक्के, हे तर आणखी भारी!" म्हणत मी पुढं वाकलो. मैनेनं बाजू बदलली आणि मलाही भिंतीवरून एक हात फिरवून घेतला.

नेमकी तेव्हाच पाहुण्यांची जीप दारात!

मुलाच्या वडिलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. निम्मा चुना, निम्मं शेण. "ह्ये कोन?"

पिंकी खिडकीतून रडवेली होऊन बघत होती. अक्काची पापणी हलली नाही. "रंगारी हाय. काम चालू हाय अजून."

"ह्याला परत बोलवू नगा," ते म्हणाले आणि आत गेले.

पिंकीसाठी अपमान गिळला. आत पोहे चालले होते, बाहेर मी कुंचला मारत होतो. पाहुणे निघाले तेव्हा भिंत पुन्हा लखलखत होती आणि सोयरीक जमली होती.

लग्नात मामाच्या मानानं, फेटा बांधून, पिंकीला बोहल्यावर आणलं. अंतरपाटामागून अक्काचे व्याही गरजले, "आरं, नवरी रंगाऱ्याच्या हाती कुनी दिली?"

"मी मामा आहे मुलीचा!" मी छाती काढून म्हणालो. "फोटोग्राफर! कृष्णधवल!"

ते विचारात पडले. "फोटू ऱ्हाऊ द्या. पर त्या दिशी भित झ्याक केली तुमी. आमच्या घराला कधी येता चुना मारायला?"

गेलो. मान गेला तर गेला, पण त्यांच्या दारात दोन म्हशी होत्या!