होणाऱ्या व्याह्यांकडची झिनफँडेल

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. कारण त्या दुपारी माझा जीव गेलाच होता, फक्त मी उभा होतो!

आमच्या पोरीचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे वडील धरमपेठेतले निवृत्त इंजिनियर, वाईनचे भारी शौकीन. मी सीताबर्डीत बनियन-टॉवेल विकणारा माणूस. एक दिवस त्यांचा फोन, "रविवारी दुपारी दोघंही या. नाशिककडच्या तीन द्राक्षमळ्यांची झिनफँडेल आणलीय, वेगवेगळ्या सालांची. चाखून बघू."

"वा! झिनफँडेल म्हणजे आपली आवडती!" मी म्हणालो. काहून म्हणालो? देव जाणे! तोवर मला ते खोकल्याच्या औषधाचं नाव वाटत होतं.

ऑटोत बायको म्हणाली, "तुम्हाले वाईनमधलं काही समजते?"

"समजाले काय लागते वं? प्यायची अन् मान हलवायची."

तिथं व्याही-विहीणबाई वाटच पाहत होते. टेबलावर बाटल्या, ग्लास आणि एक स्टीलचं भांडं. व्याही म्हणाले, "घोट तोंडात घोळवायचा आणि यात थुंकायचा."

आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात थुंकायचं? मी गिळलं. पहिल्या मळ्याची गिळली, दुसऱ्या मळ्याची गिळली.

"काय जाणवतं?"

"जांभूळ," मी भीत भीत म्हणालो.

"अगदी बरोबर! आता ही तिसरी, सगळ्यांत जुन्या सालाची."

"हिचं... वय जाणवते." व्याही खूश! मी आणखी दोन घोट गिळले.

मग बाथरूममध्ये गेलो, आरशात पाहिलं, आणि बाप्पा रे! ओठ निळे. जीभ काळीनिळी, दात राखाडी! ओठ निळे पडले म्हणजे हार्ट, एवढं मला ठाऊक होतं. हातपाय गार पडले. छातीत धाडधाड. मनात एकच विचार, इथं मेलो तर पोरीचं लग्न वर्षभर लांबेल!

भिंत धरत बाहेर आलो. व्याही माझ्याकडे पाहून हसले. त्यांचेही दात निळे! विहीणबाई वळल्या. त्यांचेही ओठ निळे! माझी बायको तेवढी ठीकठाक, तिनं थेंब घेतला नव्हता. निवांत चिवडा खात होती.

म्हणजे हार्ट नाही. विष!

"थुंका! सगळे थुंका!" मी ओरडलो.

"काहून ओरडून राहिले?" बायको दचकली.

"विष आहे वं त्या जुन्या बाटलीत! ओठ बघ यांचे! मीठ आण, मीठ!"

"अहो, तो रंग..." व्याही सांगू लागले. पण मरणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? एका हातानं मी मिठाच्या पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावला, दुसऱ्या हातानं अँब्युलन्सला फोन. "लवकर या हो, तीन जण चालले!"

विहीणबाई बिचाऱ्या भिडस्त स्वभावाच्या. मुलीच्या वडलांचा शब्द कसा मोडायचा, म्हणून त्यांनी ग्लासभर खारं पाणी मुकाट्यानं पिऊन टाकलं. आणि पुढच्याच मिनिटाला ते सगळं नव्या कोऱ्या सोफ्यावर आलं. मी त्यांची पाठ चोळत म्हणालो, "शाबास! निघालं विष!"

अँब्युलन्स आली. एक तरुण डॉक्टरीण धावत वर आली. मी जीभ बाहेर काढून तिच्यापुढे उभा. तिनं ओला कापूस घेऊन माझे ओठ पुसले. कापूस जांभळा, ओठ गुलाबी!

"काका, हा वाईनचा रंग आहे. तांबडी वाईन प्यायली की असंच होतं."

सोफ्यावरून टप टप पाणी गळत होतं.

"मग पेशंट कोण आहे?" तिनं विचारलं.

विहीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. व्याह्यांनी केलं. आणि सगळ्यांच्या आधी, चिवड्याचा हात तसाच पुढे करून, माझ्या बायकोनं केलं होतं!

पोरीचं लग्न पुढे झालं, चांगलं थाटात झालं. पण त्या वेळी त्या सोफ्यासमोर थांबायची माझी छाती नव्हती. मी खाली गेलो, मुकाट्यानं स्ट्रेचरवर आडवा झालो आणि ड्रायव्हरला म्हणालो,

"चाल गा भाऊ, लवकर घे!"