नारळ फुटेपर्यंत न दिसलेलं काम

मी मुळातच आवराआवर करणारा माणूस. घरात डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या मीच लावतो आणि बायको त्यांची मुद्दाम अदलाबदल करून माझी गंमत बघते. त्यामुळे नगरच्या आमच्या संस्थेत कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं. मलाही ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू.

संस्थेचं काम साधं आहे. दसरा झाला की पाथर्डीकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मुलंही जातात आणि त्यांची शाळा सुटते. ती मुलं गावातच राहावीत म्हणून आम्ही सहा महिने वसतिगृह चालवतो. खोली दुरुस्त करायची, स्वयंपाकाला बाई बघायची, भांडी आणायची, पालकांकडून संमतीपत्रं घ्यायची. एकेका गावाची यादी मोबाईलवर सरकवता सरकवता अंगठा दुखायचा.

"सर, मोबाईल उघडला की नुसता पसारा," एका गावातली आमची कार्यकर्ती बैठकीत म्हणाली. "कुठनं सुरुवात करावी कळतच न्हाई. लई घाबरायला हुतं."

मग मी पसारा काढला. कोणतं काम कोणत्या कामावर अडलेलं आहे, ते एकमेकांना जोडून टाकलं. आधीचं काम पूर्ण झाल्याची टिक पडेपर्यंत पुढचं काम दिसायचंच नाही. खोली पूर्ण झाली की मगच संमतीपत्राचं काम वर येणार. यालाही कारण होतं. एका वर्षी आम्ही सह्या आधी घेतल्या, खोली तयारच झाली नाही आणि मुलं पंधरा दिवस देवळात झोपली. तो ओशाळवाणा प्रकार मला पुन्हा नको होता. आता त्या कार्यकर्तीच्या मोबाईलवर रोज दोन नाहीतर तीन कामं दिसायची. संस्थेच्या साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी घरी पेढे नेले.

त्याच गावात भाद्रपदात मी एक चक्कर मारली होती. बाकीची मुलं जुनीच होती, त्यांचे आईबाप कागदाची वाट न बघता त्यांना ठेवून जात. नवं नाव एकच होतं. वस्तीवरची एक मुलगी, सहावीतली. तिची आई शेण थापता थापता माझ्याशी बोलली.

"हिला ठेवायचीच हाय मला. बाळाला सांभाळायला नणंद येती म्हनली आमच्याबरुबर. पन तुमी कागद घेऊन या, सर. तोंडी बोलन्यावर पोरगी मागं ठेवायची म्हंजी जिवाला घोर."

"कागद येईल," मी म्हणालो. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ऑफिसात आल्या आल्या मी तिच्या नावाचं वेगळं काम तयार केलं, खोलीच्या कामाला जोडलं आणि निर्धास्त झालो. वेळ आली की ते आपोआप वर येणार होतं.

पंधरवडा गेला, नवरात्र आलं. खोलीच्या कामापुढे "सुरू आहे" असंच दिसत होतं. गवंडी दांड्या मारतोय, असं मी धरून चाललो. मी आठवण पाठवायचो आणि कार्यकर्तीकडून हात जोडल्याचं चित्र यायचं. एकदा फोन करून विचारावं, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. सॉफ्टवेअर असताना फोन कशाला, असा माझा तेव्हा ताठा होता.

कोजागरीच्या दिवशी दुपारी खोलीवर टिक पडली. लगेच खालून एक हिरवी पट्टी वर आली. त्या मुलीचं नाव, पुढे लिहिलेलं: संमतीपत्र घेणे, आज करता येईल. मला बरं वाटलं. मी कार्यकर्तीला फोन लावला.

"सर, ती परवाच गेली की," ती म्हणाली. "टोळीचा ट्रक आल्ता."

"अहो, पण खोली आज झाली ना?"

"आज कुठली? खोली तर पित्तरातच झाल्ती. पन पित्तरात कुनी नारळ फोडतं का? मग घट बसले, तर सरपंचांच्या भावकीत मयत झाली, सुतक लागलं. नारळ आज फुटला. नारळ फुटल्याबिगर झालं म्हनून कसं लिवायचं, सर?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण आमचं घर बांधून तयार झालं, तेव्हा मी स्वतः वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी आठ दिवस बाहेर राहिलो होतो. मी एवढंच विचारलं, की दरवर्षी तुम्ही दसऱ्याआधी घरोघरी फिरता, मग यंदा का नाही गेलात?

"मोबाईलात न्हवतंच ते काम. मला वाटलं, औंदा तुमीच नगरहून करनार."

ते काम मीच तिच्या नजरेआड केलं होतं.

चार दिवसांनी टोळीचा ठावठिकाणा लागला. कोल्हारच्या अलीकडे, उसाच्या फडाला लागून कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या बारक्या झोपड्यांतून हिंडत मी त्या मुलीच्या घरच्यांची कोपी शोधली. मुलगी बाहेर बसली होती, मांडीवर बाळ. मला बघून ती हसली आणि पळत जाऊन आईला फडातून घेऊन आली.

मी मनाशी सगळं ठरवून आलो होतो. मुलीला आजच गाडीत घालून न्यायचं, उरलेलं नंतर बघू. आईनं मला तांब्या भरून पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, की आता ते होणार नाही. कागद आला नाही, तेव्हा मुलगी बरोबरच येणार हे ठरलं. मग नणंदेला कशाला अडवायचं, म्हणून तिला दुसऱ्या टोळीत जाऊ दिलं. ती आता कर्नाटकात होती. पहाटे नवराबायको फडात गेले, की बाळाजवळ ही मुलगी सोडून दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, कुणीतरी बाई बघू. कुठली बाई, ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, टोळीच्या मुकादमाशी बोलतो. त्यावर तिनं नकारार्थी मान हलवली. उलट तीच मला धीर देत होती. "तुमी एवढ्या लांब आला, तेच लई झालं. आमचंच नशीब म्हना."

माझ्या हातातल्या फायलीत तो कागद होता. सवयीनं आणलेला. तो तिला दिसला.

"ह्योच का त्यो?" तिनं पदराला हात पुसले. "द्या, करते सही. तुमची फेरी तरी फुकट नको जायला."

नको म्हणायला हवं होतं. ते मला जमलं नाही. तिनं फाईल गुडघ्यावर ठेवून एकेक अक्षर जोर देऊन काढलं. तेवढ्यात मुलगी कोपीत शिरली. बाहेर आली, तेव्हा एका कडेवर बाळ होतं आणि दुसऱ्या खांद्यावर दप्तर. केसांवरून पाण्याचा हातही फिरवला होता तिनं.

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुमीच सांगा तिला, सर. मला न्हाई व्हायचं."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, मधे मधे अडखळलो हे नक्की. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. रडली नाही. बाळ सरकत होतं, त्याला वर घेतलं आणि विचारलं, "मग सही कशाला घेतली?"