दाजींची वाकळ

आळंदपासून हुमनाबादपर्यंत ऐकायला इतका उत्सुक आणि ऐकून घ्यायला इतका नालायक माणूस आमच्या दाजींशिवाय दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर डोक्यात घेतलं, की आपल्या भागात माणसांच्या मनाचं काम केलेल्या सगळ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या. प्राध्यापक, शाळेतले समुपदेशक, दवाखान्यात लोकांची दारू सोडवणाऱ्या बाई, सगळ्यांच्या दारात दाजी रेकॉर्डर घेऊन हजर. पण "तुम्ही ह्या कामात कसं आलात?" असं विचारून, समोरच्यानं घसा खाकरायच्या आत, आपण कसे आलो तेच सांगायला लागायचे. त्यात समोरची माणसं दुसऱ्याचं ऐकण्यातच हयात घालवलेली. ती नुसतं "मग?" म्हणायची आणि दाजी आणखी खुलायचे. खजुरीच्या एका मास्तरांची दुपारभर घेतलेली मुलाखत मी घरी ऐकली, तर मास्तरांच्या वाट्याला "व्हय का?" आणि "चहा घ्या की" एवढंच आलं होतं.

तो चहाही दाजींनी कधी गरम प्याला नाही. अक्का होती तोवर त्यांच्या व्याख्यानात मध्येच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "चहा निवायलाय हो. आधी प्या, मग बोला." फोनवर तिचा आणि माझा आवाज भल्याभल्यांना वेगळा ओळखू यायचा नाही. खुद्द दाजींनी मला कितीदा तरी "येताना कोथिंबीर आणू का?" म्हणून विचारलं असेल. अक्का गेली आणि एवढा बोलका माणूस तिच्याविषयी एक अक्षर बोलेना. मी विषय काढला की लगेच तुरीच्या भावावर जायचे. मला ते फार लागायचं, कारण तिच्याबद्दल बोलावं असं मला दुसरं होतं कोण?

मुलाखतीला जाताना मात्र अक्कानं शिवलेली वाकळ बरोबर हवी. लॉऱ्यांचे भोंगे रेकॉर्डिंगमध्ये येऊ नयेत म्हणून दाजी पाहुण्यासकट त्या वाकळेखाली शिरायचे आणि मी अंतरपाट धरल्यासारखी एक टोक धरून बाहेर उभी. एक वयस्कर डॉक्टर आतून कळवळून म्हणाले, "सर, जीव गुदमरायलाय." दाजी म्हणाले, "बोला, म्हणजे मोकळं वाटंल."

हुमनाबादला दारू सोडवणाऱ्या त्या दवाखान्यातल्या बाईंकडे गेलो, तेव्हाही दाजींनी पहिला प्रश्न विचारून स्वतःच उत्तर सुरू केलं. बाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग वाकळेखालूनच म्हणाल्या, "सर, हे टाके कुणाचे ओ? लई बारीक हाईत."

दाजींचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. बाहेर माझा हात अवघडला होता, पण टोक सोडवेना.

"घरातल्यांचे," शेवटी दाजी म्हणाले. "मी बोलत बसायचो अन् ती टाके घालायची. समद्यांचा आवाज धरून ठेवायलोय, बाई. तिचा तेवढा राहिला. आता तर कानातनं बी जायलाय."

परतीच्या बसमध्ये दाजी वाकळ मांडीवर घेऊन तिचे टाके चाचपत होते. घरी आल्यावर मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर येऊन पाहते तर त्यांनी वाकळ खिडकीला बांधली होती आणि रेकॉर्डर माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला होता.

"मी कुठं मानसशास्त्रातली, दाजी?"

"बस गं. बोल कायबी."

मला कळलं. आवाज मी होता होईल तो सरळ ठेवला.

"चहा निवायलाय हो," मी म्हणाले. "आधी प्या, मग बोला."

दाजींनी कप उचलला आणि एक शब्द न बोलता गरम चहा शेवटपर्यंत प्याला.